शंका-समाधान : गाठ गेली, तरी तक्रारी का राहतात?

थायरॉईडच्या (अवटु ग्रंथीच्या) कॅन्सरसाठी ग्रंथी काढलेल्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांचे म्हणणे एकच आहे : शस्त्रक्रिया नीट झाली, डॉक्टर समाधानी आहेत, मग मला पूर्वीसारखे का वाटत नाही? त्यातली निवडक पत्रे येथे घेतली आहेत. मागे उरलेली तक्रार म्हणजे कॅन्सर परत आला असे नाही, आणि तो मनाचा खेळही नाही. बहुतेक तक्रारींना कारण असते, ते तपासता येते आणि त्यावर काहीतरी करता येते.

प्रश्न : वय ४२. मी शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी पॅपिलरी कॅन्सरसाठी पूर्ण थायरॉईड काढली. रोज १०० ची गोळी घेते. टीएसएच ‘नॉर्मल’ येतो. तरी दुपारच्या तासाला उभे राहवत नाही, मुलांची नावे पटकन आठवत नाहीत, सकाळी उठते तीच दमलेली. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, आता आजार धरून बसू नकोस. आत कुठे कॅन्सर परत वाढत तर नसेल ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी भीतीबद्दल बोलू. पॅपिलरी कॅन्सर परत आलाच, तर तो बहुधा मानेतल्या लसिकाग्रंथींत (शरीराच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या छोट्या गाठींत) येतो आणि मानेची सोनोग्राफी व थायरोग्लोब्युलिन या रक्ततपासणीतून कळतो. नुसता थकवा ही त्याची खूण नव्हे. या दोन्ही तपासण्या वेळेवर होत असतील आणि ठीक येत असतील, तर थकव्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

थकवा मात्र खरा आहे. थिओडोर कोचर या स्विस शल्यविशारदांनी १८८३ मध्येच नोंदवले होते की पूर्ण थायरॉईड काढलेले रुग्ण पुढे मंद, सुजलेले आणि थकलेले होतात. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन ही कमतरता भरून काढता येते हे दाखवले. आज तेच काम लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉईडच्या मुख्य संप्रेरकाची, म्हणजे टी-४ ची) गोळी करते. पूर्ण ग्रंथी काढल्यावर साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम इतका डोस लागतो. पुढे टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक) पाहून तो कमी-जास्त करतात. ‘नॉर्मल’ची कक्षा बरीच रुंद असते. त्या कक्षेतला कोणता आकडा तुम्हाला मानवतो, हे तुमच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवता येते. डोस बदलल्यावर मात्र सहा ते आठ आठवडे थांबूनच पुन्हा तपासावे, कारण हे औषध शरीरात हळूहळू स्थिरावते.

त्याआधी गोळी कशी घेता ते पाहा. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवाव्यात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर एकदा तपासून घ्या. झोपेत घोरणे, पाळीतले बदल आणि मनाची उदासी यांबद्दलही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. टी-४ च्या जोडीला टी-३ ची गोळी घ्यावी का, असेही अनेक जण विचारतात. निरोगी ग्रंथी टी-३ चा सुमारे पाचवा हिस्सा स्वतः देते. बाकीचा शरीर टी-४ पासून बनवते. बहुतेकांना तेवढे पुरते. जोडगोळीच्या अभ्यासांतून स्पष्ट फायदा सिद्ध झालेला नाही, पण काहींना बरे वाटते. हा प्रयोग अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या (एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या) देखरेखीखालीच करावा. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल, तर तो टाळावा.

प्रश्न : माझ्या पत्नीचे ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. अजून तिच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, रात्री पोटरीत गोळे येतात. कॅल्शियमची गोळी चुकली की त्रास वाढतो. हा लकवा तर नाही? आणि आयुष्यभर कॅल्शियम घेऊन किडनी खराब होईल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तुम्ही सांगता त्यावरून हा लकवा वाटत नाही, ही रक्तातले कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणे आहेत. थायरॉईडच्या मागच्या बाजूला परावटु (पॅराथायरॉईड) ग्रंथी असतात. त्या बहुधा चार असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि रक्तातले कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम. शस्त्रक्रियेत त्यांना इजा होऊ शकते किंवा त्यांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागतात. सहा महिने ते वर्षभरात तसे झाले नाही, तर ती कमतरता कायमची समजून उपचार आखतात. आठव्या महिन्यात पॅराथायरॉईड संप्रेरकाची (पीटीएचची) तपासणी पुन्हा करून घेणे योग्य ठरेल. सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व हेही पाहावे.

साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, कारण ती विरघळायला पोटातले आम्ल लागते. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या प्रकारचे कॅल्शियम देता येते. अशा रुग्णांना सहसा कॅल्सिट्रिऑलही (ड जीवनसत्त्वाचे तयार, क्रियाशील रूपही) द्यावे लागते. किडनीबद्दलची तुमची काळजी अनाठायी नाही. पीटीएच कमी असले की लघवीवाटे कॅल्शियम जास्त जाते आणि खडे होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच रक्तातले कॅल्शियम नॉर्मलच्या खालच्या काठाशी ठेवतात आणि अधूनमधून लघवीची तपासणी करतात. ‘किडनी सांभाळायची’ म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. उलट्या-जुलाब झाले की गोळी शरीराला मिळत नाही, त्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. हाताची बोटे आखडून वाकणे, घसा आवळल्यासारखे होणे, दम लागणे किंवा झटका येणे यांपैकी काहीही झाले, तर थेट रुग्णालय गाठावे. तिथे शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते.

प्रश्न : मी भजनी मंडळात गाते. ऑपरेशनला पाच महिने झाले. बोलणे जमते, पण तार सप्तकात आवाज चढत नाही, तासाभरात घसा बसतो, आणि पाणी पिताना कधी कधी ठसका लागतो. आवाज परत येणार की नाही, एवढेच सांगा. (एक वाचक, पेडणे, गोवा)

उत्तर : एवढ्यात आशा सोडण्याचे कारण नाही. स्वरतंतू हलवणाऱ्या दोन नसा थायरॉईडच्या अगदी पाठीमागून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर जातात. त्यांना नुसता ताण बसला असेल तर त्या बहुधा सहा महिने ते वर्षभरात सावरतात. उंच स्वरासाठी स्वरतंतू ताणणारी एक वेगळी, बारीक नस ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते. ती दुखावली तर बोलणे ठीक राहते आणि गाणाऱ्यालाच फरक जाणवतो. नसा शाबूत असूनही, गळ्यातले स्नायू आतल्या व्रणाला चिकटल्याने आवाज लवकर थकतो, असेही घडते.

यातले नेमके काय झाले आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या आणि आवाजाच्या व्यायामासाठी वाचाउपचारतज्ज्ञांना (स्पीच थेरपिस्टना) भेटा. वर्षभर वाट पाहत बसण्यापेक्षा आताच सुरुवात केलेली बरी. ठसका टाळण्यासाठी गिळण्याच्या पद्धतीही तेच शिकवतील. एक स्वरतंतू कायमचा स्थिर राहिला, तरी इंजेक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने तो मध्यभागी आणून आवाज सुधारता येतो. खाताना वारंवार ठसका लागून ताप किंवा खोकला येत असेल तर थांबू नका. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर तातडीने रुग्णालयात जा. तसेच, एकदा सुधारलेला आवाज काही महिन्यांनी पुन्हा बसला, तर तोही दाखवायलाच हवा.

प्रश्न : वय ६१. माझा टीएसएच ०.०८ येतो आणि प्रयोगशाळा त्यावर लाल खूण करते. छातीत धडधडते, झोप लागत नाही. आमच्या गावच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली, कॅन्सरच्या डॉक्टरांनी पुन्हा वाढवली. मी कोणाचे ऐकू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी तुमच्या भल्याचेच पाहत आहेत. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारांत कॅन्सरच्या पेशी टीएसएचला प्रतिसाद देतात. म्हणून काही रुग्णांत गोळीचा डोस मुद्दाम थोडा जास्त ठेवून टीएसएच दाबून ठेवतात. जोखीम जास्त असेल तर तो ०.१ च्या खाली ठेवण्याची पद्धत आहे. जोखीम कमी असेल तर साधारण ०.५ ते २ पुरतो. प्रयोगशाळेची लाल खूण निरोगी माणसाच्या मापाने असते, तिला तुमच्या शस्त्रक्रियेची माहिती नसते.

पण टीएसएच दाबून ठेवण्याची किंमतही असते. त्यामुळे धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होतात. हे लक्ष्य जन्मभरासाठी ठरलेले नसते. वर्षे चांगली गेली की ते सैल करता येते. तुमच्या वयात आणि धडधड असताना ईसीजी काढावा आणि हाडांच्या घनतेची (डेक्सा) तपासणी करावी. ते रिपोर्ट घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा : ‘माझी आजची जोखीम किती आणि माझे टीएसएचचे लक्ष्य किती?’ उत्तर फाईलवर लिहून घ्या आणि गावच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणजे दोघांचे उपचार एकाच दिशेने होतील. छातीत दुखणे, भोवळ येणे, ठोके वेडेवाकडे पडणे किंवा शरीराची एक बाजू अचानक अशक्त होणे, यांत वाट पाहू नये.

प्रश्न : माझा थायरोग्लोब्युलिन मागच्या वेळी ०.२ होता, आता ०.४ आला. म्हणजे दुप्पट झाला! रिपोर्ट हातात आल्यापासून जेवण जात नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात, त्या निरोगी असोत की कॅन्सरच्या. म्हणून पूर्ण ग्रंथी काढल्यावर ते देखरेखीसाठी उपयोगी पडते. पण इतक्या लहान आकड्यांत तपासणीची पद्धत, प्रयोगशाळा किंवा त्या दिवशीचा टीएसएच बदलल्यानेही फरक पडतो. नुसते ०.२ चे ०.४ झाले, यावरून काही ठरत नाही. डॉक्टर अनेक तपासण्यांतला कल पाहतात आणि त्याच्या जोडीला मानेची सोनोग्राफी.

शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासा, आणि थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडेही (अँटिबॉडीही) त्याच नमुन्यात पाहिली आहेत ना, हे बघा. ती असतील तर मूळ आकडा भरवशाचा राहत नाही. त्या वेळी प्रतिपिंडेच वर्षानुवर्षे उतरत आहेत की चढत आहेत, हे पाहतात. केस-नखांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल, तर तपासणीआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा, तिने रिपोर्ट चुकतात. अर्धीच ग्रंथी काढलेल्यांचा हा आकडा शून्यावर येत नाही, त्यांनी तुमच्या आकड्याशी तुलना करू नये. पुढच्या भेटीची तारीख लांब असेल तर ती थोडी अलीकडे घ्या. आपत्कालीन असे यात काही नाही.

प्रश्न : किरणोत्सारी आयोडीन घेऊन सात महिने झाले. तोंडाला कोरड, चव गेली, तांबडा रस्सा तर जिभेला लावता येत नाही. जेवताना कानाखाली गाल फुगतो. अंगात अजून किरण आहेत का? नातवाला मांडीवर घेताना हात मागे येतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नातवाला खुशाल जवळ घ्या. आयोडीन-१३१ ची किरणशक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते आणि बरेचसे आयोडीन पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते. अंतर पाळण्याचा काळ डॉक्टरांनी सांगितला तेवढाच होता. सात महिन्यांनी तुमच्यापासून कोणालाही धोका नाही. हे उपचार नवे नाहीत. थायरॉईडच्या कॅन्सरसाठी त्यांचा वापर १९४० च्या दशकापासून होतो, आणि मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अणुवैद्यकाचे काम चालू आहे.

तोंडाची कोरड मात्र त्याच आयोडीनमुळे आहे. लाळग्रंथीही थोडे आयोडीन शोषतात, त्यामुळे लाळ घट्ट होते आणि तिची नळी तुंबली की जेवताना गाल फुगतो. घोट घोट पाणी प्या, बिनसाखरेचे च्युइंगम चघळा, गालाला कोमट शेक द्या आणि कानाकडून ओठांकडे हलक्या हाताने चोळा. तंबाखू-सुपारीने कोरड वाढते. चव अनेकदा काही महिन्यांत परतते. कोरड काहींच्या बाबतीत टिकते. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि सहा महिन्यांनी दंतवैद्यांना दाखवा. गाल लाल होऊन दुखला, ताप आला किंवा तोंडात पू आला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : वय २९. मागच्या वर्षी ऑपरेशन आणि आयोडीन झाले. आम्हाला मूल हवे आहे. सासूबाईंना भीती वाटते की बाळात व्यंग येईल किंवा त्यालाही कॅन्सर होईल. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आयोडीननंतर गरोदर राहण्यापूर्वी निदान सहा महिने थांबायला सांगतात, काही डॉक्टर वर्षभर थांबवतात. तो काळ उलटला असेल आणि टीएसएच स्थिर असेल, तर तुमच्या डॉक्टरांच्या संमतीने पुढे जायला हरकत नाही. लेव्होथायरॉक्सिन हे शरीरातल्या संप्रेरकासारखेच असते आणि पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी त्याची गरजच असते. ‘बाळासाठी’ म्हणून गोळी कधीही थांबवू नका. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना फोन करा, कारण गरोदरपणात डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो आणि पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावा लागतो. गरोदरपणातले लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून लांब ठेवा. या गोळीवर असताना अंगावर पाजता येते.

पॅपिलरी कॅन्सर बहुतांशी आनुवंशिक नसतो. मेड्युलरी हा प्रकार वेगळा आहे. त्याच्या साधारण चारातल्या एका रुग्णात तो घराण्यातून आलेला असतो, म्हणून त्या रुग्णांनी जनुकीय तपासणी करून घ्यावी. तुमच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर प्रकार लिहिलेला असेल. तो सासूबाईंनाही वाचून दाखवा.

प्रश्न : कोबी, फ्लॉवर, मुळा बंद करू का? आयोडीनचे मीठ चालते का? आणि नवरात्राच्या उपासात गोळी कशी घेऊ? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : कोबीबद्दलची सूचना ज्यांची थायरॉईड शाबूत आहे आणि आयोडीन कमी पडते त्यांच्यासाठी आहे. तुमची पूर्ण ग्रंथी काढलेली असेल तर कोबी-मुळा निर्धास्त खा. सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. आयोडीनयुक्त मीठ चालते; किरणोत्सारी आयोडीनचा उपचार किंवा स्कॅन ठरला असेल तरच एक-दोन आठवडे डॉक्टर ते बंद करायला सांगतात. उपासातही गोळी रोजच्यासारखी पहाटे साध्या पाण्याबरोबर घ्या, किंवा रात्री, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. वेळ बदलायची तर आधी डॉक्टरांना कळवा. एखादा दिवस गोळी चुकली तर घाबरू नका, या औषधाचा साधारण निम्मा अंश आठवड्यानंतरही शरीरात टिकून असतो. पण चुकणे ही सवय होऊ देऊ नका.

प्रश्न : सगळे म्हणतात, ‘तुला तर चांगला कॅन्सर झाला.’ मग दर सहा महिन्यांनी तपासणी आली की माझी झोप का उडते? गळ्यावरची ओढ जाणवली तरी वाटते, गाठ आली. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : बहुतेक पॅपिलरी कॅन्सर उपचाराने आटोक्यात येतो, हे खरे आहे. लोक धीर द्यायला तसे म्हणतात. पण तुम्ही शस्त्रक्रिया सोसली आहे, रोजची गोळी आणि वर्षानुवर्षांची तपासणी तुमच्या वाट्याला आली आहे. भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि तिच्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. गिळताना होणारी ओढ ही बहुधा त्वचेखालचा व्रण आतल्या थराला चिकटल्याने असते. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर बोटांनी मालिश आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेचे व्यायाम यांनी ती सैल होते. हाताला वेगळी, कडक, वाढत जाणारी गाठ लागली किंवा घास अडकू लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. झोप उडणे, रडू येणे किंवा कशातच मन न लागणे दोन आठवड्यांहून जास्त चालले, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. कॅन्सरवरील उपचारांचाच तो एक भाग आहे.

सर्व वाचकांना एक विनंती. शस्त्रक्रियेचा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आयोडीन घेतले असेल तर त्याची मात्रा व तारीख, तुमचे टीएसएचचे लक्ष्य, आणि चालू गोळ्यांची यादी वेळांसह एका फाईलमध्ये ठेवा. प्रत्येक भेटीला ती सोबत न्या आणि तक्रारी आधी लिहून ठेवा, म्हणजे दहा मिनिटांच्या भेटीत महत्त्वाचे राहून जाणार नाही. येथील उत्तरे सर्वसाधारण माहितीची आहेत; डोस बदलणे हे तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांचेच काम. आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढे ऐकून तुमचे समाधान झाले नाही, तर ‘मग मला असे का होते?’ हे पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.